दुसऱ्या उताऱ्याची लेखिका

नववीत असताना मराठीच्या एका प्रश्नाला मला आठपैकी आठ गुण मिळाले होते. आमचे सर हात आखडून गुण द्यायचे. मोठ्या प्रश्नाला पाचाच्या वर त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. ती उत्तरपत्रिका माझ्याकडं अजून आहे, पण ते उत्तर शेवटपर्यंत वाचणं मला आजही होत नाही.

आमचं गाव अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या अलीकडं. शाळेसाठी मी रोज दीड कोस चालत मोठ्या रस्त्यावरच्या गावात जायचे. घरात आम्ही तिघंच. माय, वडील (त्यांना मी दादा म्हणायचे) आणि मी. दादांकडं पूर्वी मेंढरं होती. जालना जिल्हा वेगळा झाला त्या साली ती विकून त्यांनी दोन एकर हलकी जमीन घेतली. तेव्हा मी चार वर्षांची होते. मेंढरामागं हिंडल्याचं मला काहीच आठवत नव्हतं आणि आठवायला नको होतं. पाचवीत कुणीतरी मला "लोकरीचा वास येतो" म्हणालं होतं. तेव्हापासून शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायचे, आमची शेती आहे.

मराठीचे सर वर्गातल्या सगळ्यांचे आवडते होते. बागायती घरातले, कपडे परीटघडीचे, आवाज गोड. त्यांचं लिखाण एकदोनदा दिवाळी अंकात आलेलं होतं आणि तो अंक त्यांच्या टेबलावर वर्षभर असायचा. माझ्यावर त्यांचा जीव होता. निबंध माझाच वाचून दाखवायचे. "ही मुलगी पुढं नाव काढील," असं एकदा ते मुख्याध्यापकांना म्हणाले, ते मी दाराआडून ऐकलं आणि आठ दिवस जमिनीवर पाय ठेवला नाही.

त्या वर्षी सगळीकडं प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले होते. आमच्या गावात बायकांचा वर्ग मारुतीच्या देवळापुढं भरायचा, दुपारी तीनला, शेतातनं लवकर आलेल्या बायकांसाठी. शिकवायला सरांच्या पत्नी यायच्या, त्यांना सगळ्या बाई म्हणायच्या. माय पहिल्या दिवशी गेली ती शेजारणीनं ओढून नेली म्हणून. नंतर मात्र एक दिवस चुकवला नाही. भाकरी थापताना पिठात बोटानं अक्षरं काढायची. मी हसायचे. "च ला काना उलटा दिलास," म्हणायचे. तिला राग यायचा नाही. पुसून पुन्हा काढायची.

वर्ग संपायच्या सुमारास बाईंनी सगळ्यांना सांगितलं, आपल्या आयुष्यातली एखादी गोष्ट दोन पानं लिहून आणा. मायनं चार दिवस घेतले. मला जवळ येऊ दिलं नाही. "तुझा अभ्यास कर," म्हणाली. बाईंनी सगळ्यांच्या वह्या तपासायला घरी नेल्या आणि आठवड्यानं परत दिल्या. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. गाय व्याली, जत्रा झाली, असलंच काहीतरी लिहिलं असेल.

थंडीत घटक चाचणी आली. मराठीचा पेपर शनिवारी सकाळी होता. सायक्लोस्टाइल केलेला, निळ्या शाईचा, हाताला लागणारा. पहिले प्रश्न नेहमीचे होते. शेवटचा प्रश्न नवा होता. दोन उतारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं : 'वरील दोन्ही उताऱ्यांतील लेखकांच्या दृष्टिकोनांची तुलना करा.' कंसात आठ गुण. लेखकांची नावं नव्हती.

पहिला उतारा वाचायला घेतला आणि मी मान खाली घातली. उतारा मेंढपाळांवर होता. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून माझ्याकडं बघत होत्या.

'माळरानाला मालक नसतो, तिथे राजा असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि डोईवर उघडे आभाळ एवढेच त्याचे वैभव. त्याला ना घराची चिंता, ना दाराची. आज या शिवारात, उद्या त्या. चांदण्यात बसलेली त्याची मेंढरे म्हणजे जणू जमिनीवर उतरलेले ढगच...' असं ते चाललं होतं, पाऊण पान.

दुसरा उतारा लहान होता. तो मला इतक्या वेळा वाचावा लागला आहे की अक्षर न् अक्षर पाठ आहे.

'दिवाळीनंतर आम्ही गाव सोडत असू. त्या वर्षी मी गरोदर होते. थोरल्या मुलीला सामानासोबत घोड्यावर बांधलेले असे. वाटेतच मला दुसरी मुलगी झाली. ती दीड दिवस जगली. ओढ्याच्या काठी तिला पुरले आणि आम्ही पुढे निघालो. कुणी थांबले नाही. तरीही त्या मोकळ्या माळरानाची ओढ आजही मनाला लागून राहिली आहे.'

मला काही म्हणजे काहीच जाणवलं नाही. मी एकुलती एक होते. घोड्यावर बांधलेली कुणी थोरली आपण असू, हे मनाच्या आसपासही आलं नाही. उलट त्या दोघी वळून बघत होत्या म्हणून मला ईर्ष्या चढली. मेंढरांशी आपला काही संबंध नाही, हे त्या उत्तरातूनच दाखवून द्यायचं, असं काहीतरी डोक्यात शिरलं. मी दोन पानं भरून लिहिलं.

लिहिलं ते असं. पहिल्या लेखकाचा दृष्टिकोन व्यापक आणि निसर्गप्रेमी आहे. तो गरिबीतही सौंदर्य पाहतो. दुसऱ्या उताऱ्याच्या लेखिकेचा दृष्टिकोन मात्र संकुचित आहे. स्वतःच्या दुःखापलीकडे तिला काहीच दिसत नाही. लहान मुलीला सामानासारखे घोड्यावर बांधण्यातून तिची बेफिकिरी दिसते. पोटची मुलगी गेल्यावरही ती न थांबता पुढे जाते, यावरून अज्ञान माणसाला किती कठोर बनवते हे कळते. तथापि शेवटी तिलाही माळरानाची ओढ वाटते. म्हणजेच तिलाही पहिल्या लेखकाचे म्हणणे मनोमन पटलेले आहे.

'तथापि' आणि 'मनोमन' हे शब्द लिहिताना मला किती आनंद झाला होता, तेही आठवतं.

पेपर देऊन दुपारी घरी आले. माय अंगणात तुरी पाखडत होती. वाचता यायला लागल्यापासून ती माझे पेपर हातात घेऊन बघायची. मराठीचा म्हटल्यावर सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि कागद मांडीवर घेतला. बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचायची तिची पद्धत होती. पहिल्या उताऱ्यातले 'वैभव' आणि 'शिवार' वाचून झाले, 'ढगच' वाचून झालं. ती म्हणाली, "कुणी लिहिलंय गं हे? चांगलं बोलतो." मी म्हटलं, असेल कुणी मोठा लेखक.

मग ती दुसऱ्यावर आली. "दि-वा-ळी-नंतर आम्ही गाव सोडत असू." पुढचं वाक्य वाचलं. आणि तिसऱ्याला तिचं बोट जागच्या जागी राहिलं. तिनं कागदावरची नजर काढली, समोर आमच्या कुडाकडं बघितलं आणि न वाचता म्हणाली,

"थोरली तीन वर्साची. तिला घोड्यावर बांधायची. न्हाई बांधलं तर पडती."

मला वाटलं ती चुकीचं वाचतेय. "माय, तसं न्हाई तिथं. नीट वाच."

"वाटंनं मला पोरगी झाली," माय म्हणाली. कागद तिच्या मांडीवर होता आणि ती त्याच्याकडं बघतही नव्हती. "दीड दिस जगली."

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. वाक्य तेच होतं. "तुला कसं ठावं?" मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल.

माय उठली. आत गेली, कणगीमागची वही घेऊन आली आणि माझ्यापुढं टाकली. वहीवर नाव नव्हतं, नुसता वर्गाचा शिक्का होता. मी पान उघडलं. वाकडी, मोठी, ओळीबाहेर गेलेली अक्षरं. च चा काना बरोबर दिलेला.

'दिवाळी झाली की आमी निघायचो. त्या साली मी पोटुशी होते. थोरली तीन वर्साची, तिला घोड्यावर बांधायची, न्हाई बांधलं तर पडती. वाटंनं मला पोरगी झाली. दीड दिस जगली. वढ्याच्या कडंला पुरली. कुणी थांबलं न्हाई. मंग वाटंनं दूध येत राह्यलं. लुगडं वलं झालं ते चालता चालता वाळलं.'

तिथं संपलं होतं. खाली लाल शाईत सरांच्या बाईंचं 'छान' होतं.

मी ते पुन्हा वाचलं. मला बहीण होती. मी तिथं होते, घोड्यावर, गाठोड्यांच्या मध्ये. मला हे अकरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं आणि आज एका छापील प्रश्नपत्रिकेनं सांगितलं. आणि मी त्याचं उत्तरही लिहून आले होते.

मायला मात्र वेगळ्याच गोष्टीचा धक्का बसला होता. ती प्रश्नपत्रिकेतल्या शेवटच्या ओळीवर बोट आपटत होती.

"ही वळ कुणाची? ओढ लागून राह्यली म्हनं! मला बिलकुल न्हाई लागत ओढ-बिढ. हे मी न्हाई लिवलं."

"सरांनी घातली असंल," मी म्हटलं.

"आन् दुधाचं कुठं गेलं?"

ती बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसली. मग तिनं विचारलं, "तू काय लिवलंस ह्याच्यावर?"

"चांगलं लिहिलं," मी म्हणाले.

त्या एका शब्दावर मी पुढचे दहा दिवस काढले. सरांना भेटून ते पान काढून घ्यावं असं रोज वाटायचं. शिक्षक खोलीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. काय सांगणार होते? ती माझी माय आहे म्हणून? आमची मेंढरं होती म्हणून? खरं सांगायचं तर तेव्हाही माझी लाज मायपेक्षा मोठी होती.

दहाव्या दिवशी पेपर वाटले. माझा पेपर सरांनी हातात ठेवून घेतला. "तुलना कशी करावी ते ऐका," म्हणाले, आणि माझं उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. पूर्ण. 'संकुचित' आलं, 'बेफिकिरी' आलं, 'अज्ञान माणसाला किती कठोर बनवते' या वाक्यावर तर ते थांबले आणि म्हणाले, "वा!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी बाकाचा लोखंडी पाय धरून बसले होते. सरांना ते आनंदानं भरून आल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आमच्या शाळेत तपासलेल्या पेपरावर पालकांची सही आणावी लागायची. आधी दादांचा अंगठा घ्यायचे. वर्गात जायला लागल्यापासून सहीचं काम मायनं स्वतःकडं घेतलं होतं. त्या दिवशी मी दादांना शोधत शेतात गेले. ते नव्हते. परत आले तर दप्तर उघडं होतं आणि माय उंबऱ्यावर बसून माझा पेपर वाचत होती.

दोन पानं वाचायला तिला तास लागला असेल. मी चुलीजवळ उभी होते. ती एकेक शब्द मोठ्यानं वाचत होती, माझेच शब्द, माझ्याच घरात, आणि मला कान झाकून घ्यायचीही सोय नव्हती. संपल्यावर ती म्हणाली,

"अक्षर चांगलं हाय तुझं."

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही.

"संकुचित म्हंजी काय?"

"म्हंजी... छोटं. अरुंद."

"आन् बेफिकिरी?"

मी सांगितलं. ती मान हलवत राहिली, नवा धडा समजून घेतल्यासारखी. "न्हाई बांधलं तर पडती असं लिवलं हुतं मी. ती वळ ठिवली असती तर तू असं लिवलं नसतंस," असं म्हणाली. मला वाटतं ती माझ्यासाठी पळवाट शोधत होती. मग तिनं सही केली. जोडाक्षर जुळेना म्हणून दोनदा पेन उचलला. "उद्या येते मी शाळंत," म्हणाली.

मी हातापाया पडले. नको येऊ म्हटलं. ती आलीच. धुतलेलं लुगडं नेसून, वही पदराखाली धरून, माझ्यासोबत दीड कोस चालत.

मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत सर एकटेच होते. मला बघून हसले. मायला त्यांनी ओळखलं नाही. खुर्ची दिली, तशी ती काठावर बसली. वही टेबलावर ठेवली, पान उघडून.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

सरांनी वही बघितली. मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा वहीकडं. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "तुम्ही हिच्या आई?"

"हो."

"मला बिलकुल कल्पना नव्हती. वहीवर नाव नव्हतं. घरी वह्या आल्या होत्या, वाचता वाचता..."

"नाव न्हाई म्हनून घेतलं का?"

"नाही. फार चांगलं होतं म्हणून घेतलं."

"चांगलं हुतं तर बदललं कशाला?"

सरांनी चष्मा काढला. बाहेर मुलं ओरडत होती. "मुलांच्या परीक्षेला द्यायचं होतं," ते म्हणाले. "ते... दुधाचं, मुला-मुलींच्या वर्गात कसं द्यायचं? आणि शेवट फार कडू वाटत होता. म्हणून एक ओळ घातली."

"कडूच हुतं ते," माय म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पहिलं कुणाचं हाय? ढगाचं?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "माझं."

हे मलाही माहीत नव्हतं. म्हणजे मी ज्याला व्यापक दृष्टिकोनाचा लेखक म्हटलं होतं ते समोर बसले होते, आणि त्यांनी त्याच उत्तराला आठपैकी आठ दिले होते. सरांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं असावं, कारण ते कानापर्यंत लाल झाले.

"तुमी कधी मेंढरामागं गेल्ता का?"

"नाही. आमच्या शेतात दर वर्षी मेंढरं बसायची, खतासाठी. मी लहान होतो. जेवण झालं की वडिलांसोबत बघायला जायचो. फार सुंदर दिसायचं."

"बराबर हाय," माय म्हणाली. "बसलेली चांगलीच दिसत्यात. तुमी बसल्यावर यायचे. आमी दिवसभर चालून आलेलो असायचो."

सर उठून उभे राहिले. मला तोवर कुठल्याही मोठ्या माणसानं मायपुढं उठून उभं राहिल्याचं आठवत नाही. ते म्हणाले, "माझं चुकलं. विचारायला पाहिजे होतं. मी वर्गात सगळ्यांना सांगतो. हिचं उत्तरही पुन्हा तपासतो."

"वर्गात न्हाई सांगायचं," माय झटकन म्हणाली. "त्या पोरीचं आमी घरात कधी नाव काढलं न्हाई, तुमी वर्गात काढू नका. आन् हिचे मार्क कापू नका. तुमी जेवढं ठिवलं तेवढंच तिनं वाचलं. फकस्त ती वळ तेवढी खोडा."

सरांनी ड्रॉवरमधून प्रश्नपत्रिका काढली आणि शेवटची ओळ लाल पेननं खोडली. माय वाकून बघत होती, नीट खोडली का ते. मग वही पदराखाली घेऊन निघाली. मला म्हणाली, "जा, तुझा तास हाय."

त्या दिवसानंतर सर माझे निबंध वर्गात वाचेनासे झाले. शिकवत मन लावून, पण माझ्याकडं बघून बोलायचे नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली असं कळलं. कारण तेच होतं का, मला माहीत नाही.

दादांना यातलं काहीच माहीत नव्हतं. रविवारी दुपारी ते लिंबाखाली चातीवर लोकर कातत बसले होते. मेंढरं गेली तरी ही सवय गेली नव्हती, लोकर कुणाकडून तरी मागून आणायचे. माय माझ्या हातात वही देऊन म्हणाली, "वाच त्यांना."

मी वाचलं. 'वढ्याच्या कडंला पुरली' इथपर्यंत दादांचा हात चालू होता. 'कुणी थांबलं न्हाई' म्हटलं आणि चाती थांबली. सूत तुटलं. दादा म्हणाले,

"मी गेल्तो म्हागं."

मायला ऐकू गेलं नाही असं वाटलं. "काय?"

"दुसऱ्या दिशी सकाळी. तुला म्हनलं मेंढरू हुकलंय, हुडकून येतो. मेंढरू न्हाई हुकलं. वढ्याला गेल्तो. घाईत वरवर पुरलं हुतं आपण. कोल्ही उकरत्यात. म्हनून दगडं रचून आलो. बाभळीच्या फांट्या लावल्या वरून."

ते माझ्याकडं बघून सांगत होते, मायकडं नाही. माय उभी होती. तिचा रंग गेला होता. प्रश्नपत्रिका वाचतानाही ती अशी दिसली नव्हती.

"अकरा वर्सं," ती म्हणाली. "अकरा वर्सं म्या समजून राह्यले की तुमी वळून बी बघितलं न्हाई."

"तुला सांगितलं असतं तर तू बी आली असती म्हागं. मंग उठली नसती तिथनं."

"न्हाई उठले असते," माय म्हणाली. "मला न्हाईच उठायचं हुतं."

ती आत गेली. चार-पाच दिवस ती दादांशी बोलली नाही. रागानं म्हणावं तर भाकरी करून वाढत होती, त्यांची घोंगडी उन्हात टाकत होती. मधूनच काम थांबवून त्यांच्याकडं असं बघायची, जणू हा माणूस कोण हे तिला आताच विचारायचं आहे. दादा खाली मान घालून जेवायचे. त्यांना आपलं काय चुकलं ते समजत होतं आणि समजतही नव्हतं. मीही दोघांकडं बघत राहायचे. इतकी वर्षं एका छपराखाली ही माणसं झोपत होती, एकाच मेल्या लेकराचं ओझं घेऊन, आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं.

मी मायला म्हटलं, तुझ्या वहीतली ती ओळ आता चुकीची झाली. खोडायची का? ती म्हणाली, "राहू दे. मी लिवलं तवा मला तेवढंच ठावं हुतं. त्यांचं त्यांनी सांगावं, तू लिवून घे." म्हणून मायच्या लिखाणाखाली, पुढच्या पानावर, दादांनी सांगितलेलं मी लिहून घेतलं. सात ओळी झाल्या. मी एकही शब्द बदलला नाही. 'फांट्या'चं 'फांद्या' करायला हात शिवशिवत होता, तरी नाही केलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माय म्हणाली, जागा बघून येऊ. तिघं एसटीनं मेंढरांच्या जुन्या वाटेवरच्या कुंभार पिंपळगावला उतरलो आणि तिथून मागं पायी निघालो. दोघंही रस्ता ओळखत होते असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात काहीच ओळखू येत नव्हतं. मधल्या काळात कालव्याचं पाणी आलं होतं. जिथं माळ होता तिथं ऊस उभा होता, डोक्याच्या वर. माय म्हणायची ओढा लिंबाच्या या अंगाला होता, दादा म्हणायचे त्या अंगाला. लिंब एकच होता की दोन, यावरही त्यांचं जमेना. मी त्यांच्या मागं उसाच्या बांधानं चालत होते. पानं हाताला कापत होती.

तेवढ्यात शेताचा मालक आला. वयस्क माणूस, पायात चिखल, खांद्यावर खोरं. "काय हुडकून राह्यले?" त्यानं विचारलं.

"काई न्हाई. वाट चुकलो," दादा म्हणाले.

"आमची पोरगी," माय म्हणाली.

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. "ही काय तुमच्यासंगंच हाय की."

"ही न्हाई. दुसरी."

"केवढी हाय?"

मायनं दादांकडं बघितलं. दादांनी बोटांवर मोजलं. "अकरा सरून बारावं लागलं असतं," ते म्हणाले. "हितंच कुठंतरी वढ्याच्या कडंला दगडं रचली हुती."

त्या माणसाला किती कळलं, कुणास ठाऊक. मेंढरं घेऊन जाणारी माणसं त्यानंही पाहिलेली असणार. त्यानं खोरं बांधावर ठेवलं, मोटर बंद करून आला आणि म्हणाला, "या." आम्हाला उसातून आडवा घेऊन गेला. एका ठिकाणी जमीन जराशी खोलगट होती, तिथला ऊस बाकीच्यापेक्षा हिरवा होता. "वढा हितनं जायाचा," तो म्हणाला. "कालवा आल्यावर बुजवला. जमीन सपाट करताना दगडं लई निघाली हुती, ती त्या विहिरीच्या कडंला टाकली. मला काय ठावं."

"तुमचा काय दोष," दादा म्हणाले.

माय त्या खोलगट भागात खाली बसली. माती हातात घेतली नाही, रडलीही नाही. नुसती बसून राहिली. दादा आधी उभे होते, मग तेही तिच्या शेजारी उकिडवे बसले. बऱ्याच वेळानं माय त्यांना म्हणाली, "कुठल्या अंगाला दगडं रचली हुती?" आणि दादांनी हात करून दाखवलं. त्यांनी दाखवलेल्या बाजूला ऊसच होता. तरी ती तिकडं बघत राहिली.

मालकानं आम्हाला आखाड्यावर, त्याच्या शेतातल्या घराकडं नेलं. त्याच्या घरातल्या बाईनं चहा केला. माय बशीतून प्याली आणि त्या बाईला म्हणाली, "ऊस चांगला आलाय." मग आम्ही फाट्यावर येऊन जालन्याकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे राहिलो.